आधी वाकून बघा, मग पंप उचला
परसबागेतल्या कीटकांचे जवळून फोटो काढण्याचा छंद शेतीलाही कसा उपयोगी पडतो?

तुमच्या परसात कढीपत्त्याचं झाड असेलच. फोडणीला चार पानं तोडायला घरातलं कोणी ना कोणी रोज त्या झाडापाशी जातंच. पण त्या पानांवर काय काय राहतं, हे कधी नीट पाहिलंय का? कोवळ्या पानावर चिमणीची विष्ठा पडल्यासारखं काळं-पांढरं काही दिसलं, की आपण ते पान टाकून देतो. बऱ्याचदा ती विष्ठा नसते, फुलपाखराची लहान अळी असते. पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून निसर्गानं तिला दिलेलं ते सोंग आहे. काही दिवसांनी हीच अळी कात टाकते आणि हिरवीगार होते. तिला बोट लावलं तर डोक्यामागून नारिंगी रंगाची दोन शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. पुढे तिचा कोष होतो आणि त्यातून फुलपाखरू उडतं. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा हा सगळा संसार हवामानाप्रमाणे साधारण तीन-चार आठवड्यांत आपल्या मोरीशेजारी उरकतो, आणि आपल्याला पत्ताही नसतो.

हा संसार जवळून बघायचा आणि त्याचे फोटो काढायचे, असा एक छंद आहे. शहरातली हौशी मंडळी त्यासाठी महागडे कॅमेरे घेऊन आपल्या बांधावर येतात. आपल्याला कुठं जायची गरज नाही. परसबाग दारातच आहे, आणि फोटो काढणारा मोबाइल आता बहुतेक घरांत आलाय. सरकारी खात्याचा माणूस पिकाचं सोडून फोटोचं काय सांगत बसलाय, असं तुम्ही म्हणाल. पण शेवटपर्यंत वाचा. या छंदाचा आणि तुमच्या फवारणीच्या खर्चाचा जवळचा संबंध आहे.

साहित्य काय लागतं?

फार काही नाही. साधा मोबाइल, आणि जमलं तर दहापट मोठं दाखवणारं एक भिंग. हे भिंग काही शे रुपयांत मिळतं. कीड सर्वेक्षणाला जाणाऱ्यांच्या खिशात ते असतंच. मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे हे भिंग घट्ट धरलं, की मावा किंवा फुलकिड्यासारखी बारीक कीडसुद्धा स्पष्ट दिसते. मोबाइलला चिमट्यानं लावायची छोटी भिंगंही बाजारात मिळतात. काही मोबाइलमध्ये ‘मॅक्रो’ नावाची सोय असते. असेल तर वापरावी, नसेल तर अडत नाही.

याशिवाय जुन्या धोतराचा किंवा पांढऱ्या साडीचा वीतभर तुकडा, एक पांढरा कागद, आणि एक वही-पेन. वही विसरू नका. फोटो दिसायला कितीही चांगला असला, तरी तो कधी, कुठल्या झाडावर काढला हे लिहून ठेवलं नाही, तर पुढच्या हंगामात तो काही सांगत नाही.

फोटो काढायची रीत

पहिली गोष्ट म्हणजे वेळ. सकाळी सात ते नऊ ही उत्तम वेळ. कीटकांच्या अंगात आपल्यासारखी स्वतःची ऊब नसते. रात्रीच्या गारव्यानं ते सुस्त झालेले असतात. ऊन अंगावर येईपर्यंत फुलपाखरू पंख मिटून बसून राहतं, चतुर काडीला चिकटून असतो. थंडीच्या दिवसांत त्यांच्या अंगावर दवसुद्धा असतं. हेच कीटक दुपारी बाराला कॅमेऱ्यात धरू म्हटलं, तर दमछाक होते. शिवाय सकाळी वारा पडलेला असतो. जवळून फोटो काढताना पान बोटभर हललं तरी फोटो वाया जातो.

दुसरी गोष्ट उजेड. भर उन्हात काढलेल्या फोटोत अर्धं पान पांढरं फटक आणि अर्धं काळं येतं. अशा वेळी धोतराचा तुकडा घरातल्या कोणाला तरी फुलावर छतासारखा धरायला सांगा. त्यातून गाळून आलेला उजेड मऊ असतो, रंग खरे येतात. मोबाइलचा फ्लॅश शक्यतो लावू नये. चकचकीत पाठीच्या किड्यावर त्याचा पांढरा ठिपका पडतो.

तिसरी गोष्ट अंतर. पडद्यावर दोन बोटं ताणून चित्र मोठं करायची आपल्याला सवय असते. त्यानं किडा मोठा होतो, पण पुसट होतो. त्याऐवजी मोबाइलच हळूहळू जवळ न्या. भिंग लावलं असेल तर साधारण इंचभर अंतरावर चित्र स्पष्ट होतं. इतक्या जवळून स्पष्ट दिसणारा पट्टा फार पातळ असतो. कधी कधी किड्याचे डोळे स्पष्ट येतात आणि शेपटी धुक्यात जाते. म्हणून किडा जसा आडवा बसलाय, तसाच मोबाइल त्याला समांतर धरावा. डोळे स्पष्ट आले की फोटो जिवंत वाटतो.

हात थरथरतोय? मग गुडघा टेकून बसा, कोपर मांडीला किंवा पोटाला टेकवा, श्वास रोखा आणि लागोपाठ सात-आठ फोटो काढा. त्यातला एक चांगला निघाला तरी काम झालं, बाकीचे पुसून टाका. सुरुवात करण्याआधी मोबाइलची काच मऊ कापडानं पुसून घ्यायला विसरू नका. खिशातला घाम, तंबाखूची पूड आणि तेलकट बोटं यांनी ती माखलेली असते, आणि आपण दोष देतो मोबाइलला.

चौथी गोष्ट म्हणजे मागचा भाग. फुलामागं पत्र्याची शेड, दोरीवरचे कपडे किंवा पाण्याची टाकी आली, की नजर तिकडे जाते. स्वतः दोन पावलं सरका, थोडं खाली बसा, म्हणजे मागं नुसती हिरवळ किंवा आभाळ येईल. तेही जमत नसेल तर पांढरा कागद मागं धरा. किडा ज्या दिशेला तोंड करून बसला असेल, त्या बाजूला थोडी मोकळी जागा सोडा. फोटोत दाटी वाटत नाही.

कुठं बघायचं?

सुरुवात एका झाडापासून करा. जास्वंद घ्या. तिच्या शेंड्यांवर पिठासारखा पांढरा थर दिसला, की आपण त्याला पिठ्या ढेकूण म्हणतो. जवळून फोटो काढून मोठा करून बघा. त्या पांढऱ्या पुंजक्यात एखादा पुंजका इतरांपेक्षा मोठा, लांब झालरीचा आणि चपळ असू शकतो. तो पिठ्या ढेकूण नसून त्याला खाणाऱ्या क्रिप्टोलिमस नावाच्या भुंगेऱ्याची अळी असण्याची शक्यता मोठी. शत्रूच्या गोटात शत्रूचाच सदरा घालून शिरलेला हा आपला शिपाई आहे. नुसत्या डोळ्यांना दोघं सारखेच दिसतात.

वाल किंवा चवळीच्या शेंड्यावर मावा आलाय? तिथं तर जत्राच भरलेली असते. पानाच्या कडेला केसासारख्या बारीक दांड्यावर टाचणीच्या टोकाएवढं हिरवट-पांढरं अंडं दिसलं, तर ते क्रायसोपाचं. या अळ्या इतक्या खादाड असतात, की आधी निघालेली अळी शेजारच्या अंड्यांवरही ताव मारते. म्हणून प्रत्येक अंडं वेगळ्या दांड्यावर टांगलेलं असतं. माव्याच्या घोळक्यात काही मावे फुगलेले, तपकिरी-सोनेरी आणि निश्चल दिसतील. त्यांच्या पोटात बारीक परोपजीवी माशीची अळी वाढलेली असते. एखाद्याच्या पाठीला गोल भोक दिसलं, तर माशी बाहेर पडून पुढच्या कामाला लागली असं समजावं. असं भोक फोटोत टिपलं, तर आलेल्या पाहुण्यांना दाखवायला तुमच्याकडे नवी गोष्ट झाली.

बांधावरच्या रुईवर काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या पट्ट्यांची अळी दिसते. रुईच्या चिकाची बाधा तिला होत नाही, उलट तिच्या अंगात ते द्रव्य साठतं आणि पक्षी तिला सोडून देतात. एवढे भडक रंग ‘मला खाऊ नका’ असं सांगण्यासाठीच असतात. भिंतीच्या कोपऱ्यात मातीचं घर बांधणारी कुंभारीण बघा. काही कुंभारणी अळ्या आणून घरात कोंबतात, काही कोळी आणतात. आपल्या पिल्लांसाठी भरलेली ती कणगीच. दाराच्या चौकटीवर टुणकन उडी मारणारा छोटा कोळी दिसला तर जरा थांबा. हा जाळं विणून वाट बघत नाही, उडी मारून शिकार धरतो. त्याला आठ डोळे असतात आणि पुढचे दोन मोठे टपोरे. कॅमेरा जवळ नेला की तो वळून आपल्याकडेच बघतो. फोटोला असा गिऱ्हाईक दुसरा नाही.

कीटक सापडलेच नाहीत, तरी रिकाम्या हातानं परत येऊ नका. अळूच्या पानावरचा पाण्याचा मोती टिपा. पाण्याच्या थेंबातून मागचं फूल उलटं दिसतं, कारण थेंब हे एक भिंगच आहे. केळीच्या पानाच्या मागून सूर्य असताना त्याच्या शिरा बघा. रुईची म्हातारी उडण्याआधी बोंडात कशी घडी घालून बसलेली असते, तेही टिपा. दोडक्याच्या ताण्याचा पीळ निम्म्यावर उलटा फिरतो. हे सगळं आपण लहानपणापासून बघत आलो, पण थांबून बघितलेलं नाही. नेहमीच्या गोष्टीत नवं शोधायचं, त्यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे ठरवायचं, यालाच कला म्हणतात. रांगोळी काढणाऱ्या आपल्या माय-बहिणींना आणि पोळ्याला बैल सजवणाऱ्या आपल्या गड्यांना ती नजर उपजतच असते.

मित्र कोण, शत्रू कोण?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. जो माणूस महिनाभर रोज पंधरा मिनिटं परसबागेत वाकून फोटो काढतो, त्याची नजर शेतातही बदलते. हे मी गावोगावच्या शेतीशाळांत पाहिलंय.

एका गावात एका शेतकऱ्यानं वालावरच्या माव्याचा फोटो दाखवला. माव्यात एक काळपट, पाठीवर नारिंगी ठिपके असलेली, लहानशा सुसरीसारखी अळी होती. तो म्हणाला, “साहेब, माव्याबरोबर ही काळी अळी पण आलीय. पंप भरून ठेवलाय, कुठलं औषध टाकू?” त्याला म्हटलं, दोन-चार दिवस थांब आणि त्याच शेंड्याचा रोज सकाळी एक फोटो काढ. चौथ्या दिवशी त्याचाच निरोप आला, “साहेब, ही तर माव्यालाच खातीय!” तोंडात मावा धरलेल्या अळीचा फोटो त्यानं स्वतः काढला होता. ती ढालकिड्याची अळी होती. पाठीवर ठिपके असलेला तांबडा ढालकिडा सगळ्यांना माहीत असतो, पण त्याची अळी ओळखणारे थोडे. ही एक अळी आपल्या आयुष्यात शेकडो मावा फस्त करते. मी चार वेळा सांगून जे पटलं नसतं, ते त्याच्याच फोटोनं पटवलं.

पण याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. वांग्यावर ढालकिड्यासारखाच दिसणारा एपिलॅक्ना भुंगेरा येतो. तो माव्याला हात लावत नाही, पानाचा हिरवा भाग खरवडून पानाची जाळी करतो. जवळून फोटो काढला की फरक कळतो. ढालकिड्याची पाठ चकचकीत असते. एपिलॅक्नाची पाठ मळकट, बारीक लव असलेली आणि पुष्कळ ठिपक्यांची असते. त्याची अळी पिवळी आणि अंगभर काट्यांची असते. म्हणजे एकाला जपायचं, दुसऱ्याला वेचून मारायचं. दोन्ही निर्णय त्या एका फोटोवर होतात.

कोबीवरच्या मेलेल्या अळीशेजारी तांदळाच्या कणीसारखे पांढरे किंवा पिवळसर कोष दिसले, तर ती अळीची अंडी समजून चिरडू नका. अळी कधी कोष विणून त्याभोवती अंडी घालत नाही. ते परोपजीवी माशीचे कोष असतात आणि त्यातून निघणाऱ्या माश्या पुढच्या अळ्या शोधतात.

आपल्या ऊस उत्पादकांना २००२ सालचा लोकरी मावा आठवत असेल. पांढऱ्या लोकरीनं पानं भरली, खाली काळी बुरशी चढली, लोक हवालदिल झाले. तो मावा आटोक्यात आणण्यात डिफा आणि मायक्रोमस या मित्रकीटकांचा मोठा वाटा होता. यातला डिफा म्हणजे एका पतंगाची अळी. ती लोकरीतच राहते आणि मावा खाते. अळी दिसली म्हणजे मारायची, एवढंच ज्याला ठाऊक, तो डिफालाही मारणार. पपईवरच्या पिठ्या ढेकणाचं तसंच झालं. २००८ मध्ये तो तमिळनाडूत कोइमतूरला आढळला आणि पुढे पसरला. औषधं मारून लोक थकले. मग २०१० मध्ये पोर्टो रिको इथून त्याचे परोपजीवी कीटक आणून सोडले गेले, तेव्हा कीड आटोक्यात आली. तो परोपजीवी कीटक मिलिमीटरभरही नसतो. पपईच्या पानामागं त्याचं काम चाललेलं असताना आपण वर विषारी औषध मारलं, तर नुकसान कोणाचं?

फवारणीची किंमत

नको तिथं फवारणी झाली की पैसा जातो, हे उघड आहे. मित्रकीटकही मरतात आणि किडीला मोकळं रान मिळतं. किडीची पिलावळ लवकर वाढते, मित्रकीटकांना सावरायला वेळ लागतो. १९८० च्या दशकात आंध्रच्या कापूस पट्ट्यात सिंथेटिक पायरेथ्रॉइडचा वारेमाप वापर झाल्यावर पांढऱ्या माशीनं कसा उच्छाद मांडला, हे जुन्या कापूसवाल्यांना ठाऊक आहे.

पण सर्वांत मोठी किंमत माणसाच्या जिवाची. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला, आणि कित्येक शे लोकांना दवाखान्यात न्यावं लागलं. डोक्याच्या वर गेलेली कपाशी, औषधांचं घातक मिश्रण, अंगावर संरक्षक कपडे नाहीत, अशी अनेक कारणं पुढं आली. त्यातून आपण सगळ्यांनी घ्यायचा धडा हा, की टाळता येणारी प्रत्येक फवारणी टाळली पाहिजे. जी फवारणी झालीच नाही, तिच्यातून विषबाधा होत नाही.

फवारणी करूच नका, असं मी म्हणत नाही. किडीनं आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली, तर उपाय करावाच लागतो. कपाशीत सरासरी दर पानाला १० मावा, २ ते ३ तुडतुडे किंवा १० फुलकिडे ही ती पातळी धरतात. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात लागोपाठ तीन रात्री ८ किंवा जास्त पतंग सापडले, किंवा १० टक्के फुलं-बोंडं किडली, की उपाय करायची वेळ आली. ही मोजणी करायची तर कीड ओळखता आली पाहिजे. पानामागचा तुडतुडा आणि फुलकिडा यातला फरक ज्याच्या डोळ्यात बसलाय, तोच मोजणी करू शकतो. परसबागेतला छंद ही त्या मोजणीची शाळा आहे.

सल्ल्यासाठी फोटो पाठवताना

आमच्याकडे रोज शेतकऱ्यांचे फोटो येतात. त्यातले बरेच असे असतात, की उभ्या वावराचा एकच फोटो आणि खाली मजकूर, ‘रोग कोणता, औषध सांगा’. त्यावरून कोणीही प्रामाणिक माणूस काही सांगू शकणार नाही. सल्ला हवा असेल तर तीन फोटो पाठवा. पहिला पूर्ण झाडाचा, दुसरा खराब झालेल्या फांदीचा किंवा पानाचा, वरून आणि खालून, आणि तिसरा किडीचा किंवा डागाचा अगदी जवळून. तिसऱ्या फोटोत किडीशेजारी आगकाडी किंवा टिकली ठेवा, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. पिकाचं नाव, वाण, पेरणीची तारीख आणि आधी मारलेलं औषध लिहा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि बारीक खुणा जातात, म्हणून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

बारीक खुणांचं महत्त्व मक्यावरच्या अमेरिकन लष्करी अळीनं शिकवलं. ही कीड २०१८ मध्ये कर्नाटकात प्रथम आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात आली. पोंग्यातल्या बाकीच्या अळ्यांपासून ती वेगळी ओळखायची तर डोक्यावर इंग्रजी ‘वाय’ अक्षराची उलटी खूण बघायची, आणि शेपटीकडच्या भागावर चौकोनात बसलेले चार काळे ठिपके बघायचे. हात लांब करून काढलेल्या फोटोत हे कधीच दिसत नाही. भिंग लावून काढलेल्या फोटोत दिसतं.

चुकीच्या फोटोनं काय होतं, तेही २०२२ साली आपण पाहिलं. घोणस अळीचे फोटो मोबाइलवरून गावोगाव फिरले. त्याबरोबर ‘चावली की माणूस मरतो’ असल्या अफवा फिरल्या, आणि लोक उसात जायला घाबरले. खरं म्हणजे ही अळी चावत नाही. तिच्या काट्यांतल्या द्रव्यानं अंगाची आग होते आणि काहींना जास्त त्रास होऊ शकतो. काटे रुतलेल्या जागी चिकटपट्टी लावून ते काढावेत, बर्फानं शेकावं, आणि त्रास वाढला तर डॉक्टरांकडे जावं. म्हणून दुसऱ्याचा फोटो पुढं ढकलण्याआधी तो कुठला, कधीचा, कोणी काढला हे विचारा. आपल्या शेतातला, आपण काढलेला, तारीख लिहिलेला फोटो हाच खरा पुरावा.

एका शेतकऱ्याचं उदाहरण

हा छंद शिकल्या-सवरल्या लोकांचा, असं कोणाला वाटत असेल तर विल्सन बेंटली या अमेरिकन शेतकऱ्याची हकीकत सांगतो. तो व्हरमाँट राज्यातल्या जेरिको गावचा, दुधाचा धंदा असलेल्या कुटुंबातला. थंडीत आकाशातून पडणाऱ्या हिमकणांचं त्याला वेड होतं. कॅमेरा सूक्ष्मदर्शकाला जोडून १५ जानेवारी १८८५ रोजी त्यानं एका हिमकणाचा फोटो काढण्यात यश मिळवलं. तेव्हा तो १९ वर्षांचा होता. हिमकण वितळण्याआधी, स्वतःचा श्वाससुद्धा त्यावर पडू न देता, हे काम थंडीत कुडकुडत करायचं. पुढे १९३१ साली मरेपर्यंत त्यानं पाच हजारांहून अधिक हिमकणांचे फोटो काढले, आणि शेतीही केली. शेजारीपाजारी त्याला खुळा म्हणत. आज हिमकणांचा विषय निघाला की शास्त्रज्ञ त्याचं नाव घेतात. आपल्याकडे बर्फ नाही, पण कढीपत्ता आहे, जास्वंद आहे, आणि बारा महिने कीटक आहेत.

ग्रामपंचायतीनं काय करावं?

सरपंच, ग्रामसेवक आणि शिक्षक मंडळींना एक विनंती. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार स्थानिक पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असावी लागते. बऱ्याच ठिकाणी ही नोंदवही एकदा तयार होऊन कपाटात गेली. गावातली मुलं, बचत गटाच्या भगिनी आणि शेतकरी यांनी काढलेले फोटो तारीख-ठिकाणासह त्या नोंदवहीला जोडले, तर ती जिवंत होईल. ब्ल्यू मॉरमॉन हे फुलपाखरू २०१५ मध्ये महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू जाहीर झालं. त्याच्या अळ्या लिंबू कुळातल्या झाडांवर वाढतात. आपल्या गावात ते दिसतं का, कोणाच्या परसात दिसतं, ही साधी नोंदसुद्धा मोलाची आहे.

दुसरं म्हणजे १ जुलैला आपण कृषी दिन साजरा करतो. त्या दिवशी भाषणांबरोबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर गावातल्या लोकांनी काढलेले पंचवीस फोटो लावा. मित्रकीटक एका बाजूला, किडी दुसऱ्या बाजूला. खाली कोणत्या पिकावर, कोणत्या महिन्यात, एवढं लिहा. जिल्ह्याच्या ठिकाणाहून छापून आलेल्या तक्त्यापेक्षा लोक ही भिंत जास्त वेळ बघतील, कारण तो वाल कोणाचा, ती जास्वंद कोणाची, हे त्यांना ठाऊक असेल.

एवढं मात्र पाळा

फवारणी झालेल्या वावरात त्या दिवशी फोटो काढायला शिरू नका. केसाळ अळीला हात लावू नका. आग्या मोहोळाजवळ आणि सापाजवळ कॅमेरा नेऊ नका, जीव महत्त्वाचा. चांगला फोटो यावा म्हणून किडा पाण्यात बुडवणं, फ्रीजमध्ये ठेवणं किंवा टाचणीनं टोचणं असले प्रकार करू नका. घरटं दिसलं तर त्यावरची फांदी बाजूला करू नका, पिलं शिकाऱ्याच्या नजरेला पडतात. लिंबाची रोपवाटिका असेल तर फुलपाखराच्या अळ्या वेचाव्या लागतील, कारण त्या रोपाची पानं संपवतात. पण परसातल्या मोठ्या झाडावरच्या दोन-चार अळ्या सोडून द्या. झाडाला काही होत नाही, आणि घरातल्या पोरांना फुलपाखरू जन्मताना बघायला मिळतं.

उद्या सकाळी चहा झाला की परसात जा. एक झाड निवडा आणि पानांची खालची बाजू बघा, कारण अर्धी वस्ती तिथंच असते. रोज एक फोटो आणि वहीत एक ओळ, असं महिनाभर करा. पुढच्या हंगामात पिकावर काही दिसलं, तर पंप उचलण्याआधी भिंग उचला. तरीही ओळख पटली नाही, तर ते तीन फोटो घेऊन तुमच्या गावच्या कृषी सहायकाला भेटा. औषधाच्या दुकानाची पायरी त्यानंतर चढा.